जुळ्यांची तयारी : कात्री कुठे लावायची?

घरात जुळे येणार हे कळले की पहिला दिवस पेढे वाटण्यात जातो आणि दुसऱ्या दिवसापासून हिशेब सुरू होतो. दोन पाळणे, दोन बाळंतविडे, दुधाचे डबे दुप्पट, दवाखान्याचे बिल दुप्पट, अशी बेरीज घरातली कर्ती माणसे मांडू लागतात. मग कुठेतरी काटकसर करायची म्हणून पहिली कात्री लागते ती गरोदर बाईच्या ताटाला, तिच्या तपासणीला आणि तिच्या विश्रांतीला. बारसे मात्र जोरात करायचे हे ठरलेलेच असते. गेली पंचवीस वर्षे या भागात दवाखाना चालवताना हा उलटा हिशेब मी अनेक घरांत पाहिला आहे. आज तो सुलटा करून वाचकांपुढे मांडायचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : जुळ्यांच्या बाबतीत सर्वांत महाग पडते ते वेळेआधी जन्मलेले, कमी वजनाचे बाळ. आणि सर्वांत स्वस्त असतो तो आईच्या पोटात काढलेला एकेक आठवडा. जो खर्च हा आठवडा वाढवतो ती बचत समजावी. ज्या खर्चाने तो वाढत नाही तिथे बिनदिक्कत कात्री लावावी.

जुळे होतात कशी?

जोडकेळे खाल्ले की जुळे होते, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. केळ्याचा आणि जुळ्यांचा काही संबंध नाही. एकाच महिन्यात दोन स्त्रीबीजे तयार होऊन दोन्ही फळली तर वेगवेगळ्या चेहऱ्यांची जुळी होतात. यात मुलगा-मुलगी अशी जोडीही असू शकते. एकच फळलेले बीज दुभंगले तर हुबेहूब सारखी जुळी होतात. पहिला प्रकार आईच्या घराण्यात असला, तिचे वय तिशीच्या पुढे असले, किंवा मूल राहण्यासाठी बीज वाढवणाऱ्या गोळ्या-इंजेक्शने घेतलेली असली तर जास्त आढळतो. दुसरा प्रकार जगभर सारखाच, हजार बाळंतपणांत तीन-चार. हेलिन नावाच्या संशोधकाने १८९५ मध्ये एक ढोबळ नियम सांगितला होता. ८९ बाळंतपणांत एक जुळे, आणि ८९ गुणिले ८९ बाळंतपणांत एक तिळे. आता वंध्यत्वाच्या उपचारांमुळे हे प्रमाण वाढले आहे. आपल्या साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात तर सप्टेंबर २०२५ मध्ये एका मातेने एकाच वेळी तीन मुली आणि एक मुलगा अशा चार बाळांना जन्म दिला.

म्हणून एक सूचना जाता जाता. बीज वाढवणाऱ्या गोळ्या ओळखीच्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. एकाच्या आशेने घेतलेली गोळी तिघांचा भार पोटात टाकू शकते. आणि तिळ्यांचा धोका जुळ्यांहून कितीतरी अधिक असतो.

खरा पैसा कुठे जातो

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. गर्भाशयाची पिशवी दोघांच्या भाराने लवकर ताणली जाते. आईचा रक्तदाब वाढण्याचा धोका एका बाळाच्या मानाने दुप्पट-तिप्पट असतो. रक्त कमी पडते. बाळंतपणानंतर ताणलेली पिशवी चटकन आवळत नाही, त्यामुळे रक्तस्रावही अधिक होतो. ही झाली वैद्यकीय बाजू. आता पैशाची बाजू बघा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागते. खाजगी दवाखान्यात त्याचे दिवसाचे ५ हजार रुपये जरी धरले, तरी दोन बाळे आणि वीस दिवस मिळून २ लाख रुपये होतात. श्वासाचे यंत्र, महागडी इंजेक्शने, नातेवाइकांचे शहरातले खाणे-राहणे हे त्यात धरलेले नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने एवढी रक्कम रातोरात आणायची कुठून? तो सावकाराकडे जातो, नाहीतर हळद मिळेल त्या भावाने मोडतो.

काही वर्षांपूर्वी सेनगाव तालुक्यातल्या एका वाडीवरचे कुटुंब माझ्याकडे यायचे. सून जुळ्यांची गरोदर. पाचव्या महिन्यात एक सोनोग्राफी झाली होती. पुढची करा म्हटले तर ‘आता दोन आहेत हे कळलंच की, पुन्हा पैसे कशाला?’ असे सासऱ्यांचे उत्तर. लोहाच्या गोळ्यांनी मळमळते म्हणून त्या बंद. सातव्या महिन्यात हळद शिजवण्याचे दिवस आले आणि बाहेरची मजूर बाई लावण्यापेक्षा हीच भट्टीजवळ उभी राहिली. एके रात्री गर्भपाणी गेले. जीप करून आधी एका गावाला, तिथून दुसऱ्या गावाला, शेवटी मोठ्या शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात. दोन्ही लेकरे दीड किलोच्या आतली. महिनाभराने ती घरी आली, दोन्ही वाचली, याचा आनंद आहेच. पण दीड एकर रान गहाण पडले. वाचवले काय होते? एका सोनोग्राफीचे पैसे आणि महिना-दीड महिन्याची एका बाईची मजुरी.

दोष त्या सासऱ्यांचा एकट्याचा नाही. पैसा वाचवणारा माणूस समोर दिसणारा खर्च कापतो, न दिसणारा त्याला कापता येत नाही. तो दाखवून देणे हे आमच्यासारख्या डॉक्टरांचे काम आहे.

इथे कात्री नको

पहिली गोष्ट, लवकर केलेली सोनोग्राफी. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या सोनोग्राफीत जुळे आहे एवढेच कळते असे नव्हे, तर दोघांची वार एकच आहे की वेगवेगळी, हे स्पष्ट दिसते. पुढे ते ओळखणे अवघड जाते. वार वेगळी असेल तर पाचव्या महिन्यापासून साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी पुरते. वार एकच असेल तर एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जाण्याचा धोका असतो, म्हणून १६ आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी पाहावे लागते. म्हणजे ही एक सोनोग्राफी वेळेवर झाली तर पुढच्या किती लागतील, बाळंतपण कुठे करायचे, हे सारे ठरते. मुलगा की मुलगी हे विचारू नका. ते सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याने बाळाचे वजन गुंजभरही वाढत नाही.

दुसरी गोष्ट, रक्त. आपल्याकडे गरोदर बायकांत पांडुरोग, म्हणजे रक्त कमी असणे, घरोघरी आहे. एका बाळाला जेवढे लोह लागते त्यापेक्षा दोघांना जास्त लागणार हे उघड आहे. लोहाच्या आणि चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. लोहाची गोळी जेवणानंतर किंवा झोपताना, लिंबाच्या सरबताबरोबर घ्या. चहाबरोबर घेऊ नका. दोन्ही गोळ्या एकाच वेळी नकोत. तरीही रक्त वाढले नाही तर शिरेतून लोह देता येते. नवव्या महिन्यात रक्ताची पिशवी शोधत धावण्यापेक्षा पाचव्या महिन्यात हे करणे किती सोपे!

तिसरी गोष्ट, ताट. दोन बाळांसाठी आईला रोजच्या जेवणावर बरीच भर लागते. त्यासाठी बदाम-काजू किंवा चकचकीत डब्यातली पावडर नको. ज्वारी-बाजरीची आणखी एक-दोन भाकरी, मूठभर शेंगदाणे, फुटाणे, घट्ट वरण, शेवग्याचा पाला, चालत असेल त्या घरी दोन अंडी, आणि घरचे दूध. पोट दाबले गेल्यामुळे तिला एका वेळी जेवण जात नाही, म्हणून चार-पाच वेळा थोडे थोडे द्या. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले खायचे, ही रीत निदान हे काही महिने तरी बंद करा. अंगणवाडीतून मिळणारा आहार तिचा आहे. घरातल्या सर्वांनी वाटून खाण्यासाठी तो नाही.

चौथी गोष्ट, कष्ट. जुळ्यांच्या बाईने पलंगावर पडून राहावे असे मी म्हणत नाही. नुसते झोपवून ठेवल्याने लवकर येणाऱ्या कळा टळतात असे अभ्यासात दिसलेले नाही, उलट पायात रक्ताची गाठ होण्याची भीती असते. पण हंडे वाहणे, दिवसभर उभे राहणे, भट्टीजवळचे काम, उसाच्या तोडीवर कोयता घेऊन जाणे हे सहाव्या महिन्यानंतर बंद. रोजाची ३०० रुपये मजुरी आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर तीन महिन्यांची मजुरी २२,५०० रुपये बुडेल. ही रक्कम लहान नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती वरच्या दोन लाखांशेजारी मांडून पाहा.

इथे कात्री चालवाच

आता बचतीची जागा सांगतो. काही माझ्या व्यवसायबंधूंना आवडणार नाहीत.

‘जुळे आहे’ एवढ्याच कारणासाठी पिशवीच्या तोंडाला टाका घालणे, दर आठवड्याला महागडे इंजेक्शन देणे, किंवा विश्रांतीसाठी महिनाभर दवाखान्यात ठेवून घेणे, या तिन्ही गोष्टींनी सरसकट सर्व जुळ्यांत फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही. पिशवीचे तोंड आखूड झाले असेल किंवा पूर्वी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झाले असेल, तर तज्ज्ञ डॉक्टर काही ठरवतील आणि ते योग्यही असेल. पण ‘हे कशासाठी?’ असे नम्रपणे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. तसेच चार-चार टॉनिकच्या बाटल्या एकदम लिहून दिल्या असतील तर त्यांत लोह, कॅल्शियम आणि फॉलिक ॲसिड यांपलीकडे काय आहे, हेही विचारा.

याउलट एक स्वस्त इंजेक्शन विसरू नका. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये हे दाखवून दिले. इंजेक्शन काही रुपयांचे; पण त्याला काम करायला वेळ लागतो. म्हणून पोट कडक होणे, कंबर सतत दुखणे, पाणी जाणे, रक्त दिसणे यातले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. आणि ‘सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ ही म्हाताऱ्यांची समजूत साफ चुकीची आहे. आठव्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बळकट. वार वेगळी असलेल्या निर्धोक जुळ्यांना ३७ आठवडे मिळाले की जिंकले. मात्र त्याच्या पुढे ‘अजून थोडे वाढू द्या’ म्हणून दिवस रेटू नयेत. वार एकच असेल तर डॉक्टर आठवडाभर आधीच बाळंतपण करतात.

दुधाच्या डब्यांचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून तो मी मांडतो. चारशे ग्रॅमचा डबा दोन-तीन महिन्यांच्या एका बाळाला साधारण चार दिवस पुरतो. महिन्याला सात-आठ डबे, दोघांचे पंधरा. डबा ४०० रुपयांना धरला तरी महिना ६ हजार, सहा महिने ३६ हजार. वर बाटल्या, इंधन आणि जुलाब झाले तर दवाखाना. त्याच पैशातून आईच्या ताटात रोज ६० रुपयांची भर घातली तर महिन्याला १,८०० रुपये लागतील. ‘एका आईचे दूध दोघांना कसे पुरेल?’ असे विचारतात. दूध साठवणीच्या रांजणासारखे नसते. झऱ्यासारखे, जेवढे उपसाल तेवढे येते. पहिल्या तासापासून चीक पाजला, दोघांना आलटून पालटून दोन्ही अंगांना घेतले, ओढता येत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने दिले, तर बहुतेक आयांना दोघांपुरते दूध येते. क्वचित एखादीला कमी पडेल, तेव्हा डॉक्टर सांगतील. बाळाच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, तीही आईच्या दुधाला तोड नाही म्हणूनच.

कपड्यांच्या बाबतीत आपल्या आज्या शहाण्या होत्या. बाळ जन्मण्याआधी काही विकत आणायचे नाही, हा त्यांचा दंडक. कारण काहीही असो, खिशाच्या दृष्टीने तो उत्तम आहे. जुन्या मऊ लुगड्याची दुपटी, धोतराचे लंगोट, नात्यातल्या मोठ्या झालेल्या मुलांची झबली-टोपडी धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवा. काजळ, घुटी, मध, सुगंधी तेलांच्या बाटल्या यांची गरज नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून शेकशेगडी करू नका. धूर अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसाला घातक असतो. एका झोळीत दोघांना घालू नका, एवढी मात्र चैन करा.

आणि बारसे. बाराव्या दिवशी शंभर माणसांचे हात लागणे हे दोन किलोच्या बाळाला औषध नव्हे. ते तीन महिने पुढे ढकला आणि दोघांचे एकदमच, घरच्या घरी उरका. आत्या-मावश्यांना सांगा की आहेर नको, एकेकीने आठ-आठ दिवस येऊन राहावे. जुळ्यांच्या घरात दुसऱ्या जोडी हातांची किंमत सोन्याच्या बिंदल्यांपेक्षा जास्त आहे.

सरकारी दार आधी ठोठवा

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आईचे जेवण, घरून आणणे आणि परत पोचवणे, आणि आजारी बाळाचे वर्षभरापर्यंतचे उपचार हे सारे त्यात मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची खास तपासणी होते. तिथे जुळ्यांची नोंद जोखमीची म्हणून करून घ्या. आईसाठी १०२ आणि अडचणीच्या वेळी १०८ हे दोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या कुटुंबांना ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि नवजात बाळाच्या अतिदक्षता उपचारांचाही त्यात समावेश आहे. कोणते खाजगी रुग्णालय योजनेत आहे हे कळा सुरू होण्याआधी आरोग्यमित्राला विचारून ठेवा.

‘सरकारीत नको’ असे म्हणणारे २०२३ ची आठवण देतात. त्या वर्षी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात बाळे होती. ते दुःख विसरण्यासारखे नाही. औषधांची आणि मनुष्यबळाची टंचाई हा प्रश्न शासनाला विचारलाच पाहिजे. पण त्यातून आपल्यासाठीही एक धडा आहे. आपल्या हिंगोलीसह आसपासच्या जिल्ह्यांतली अत्यवस्थ बाळे शेवटच्या घटकेला तिथे पोचतात. जन्मानंतर जीपमध्ये गुंडाळून नेलेले दीड किलोचे बाळ वाटेतच गार पडते. तेच बाळ आईच्या पोटात असताना नेले तर ऊबही मिळते आणि प्राणवायूही. आईचे पोट ही सर्वांत सुरक्षित रुग्णवाहिका, आणि तिला भाडे लागत नाही. म्हणून जुळ्यांचे बाळंतपण जिथे नवजात बाळांचा कक्ष आहे अशाच ठिकाणी करायचे, हे सातव्या महिन्यातच ठरवा. हिंगोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याचा पहिला उपयोग आपल्या लेकीबाळींना व्हावा, यासाठी आपणही त्याच्या मागे लागले पाहिजे.

बिनपैशाची पेटी

कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. तिथले डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. आपल्या देशासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केल्यास छोट्या बाळांचे मृत्यू पाव हिश्श्याने कमी झाले. जुळ्यांना तर ती वरदान आहे. एक बाळ आईच्या छातीशी, दुसरे बापाच्या किंवा आजीच्या. ‘पुरुषासारखा पुरुष आणि लेकरू छातीला बांधून बसतो’ म्हणून हसणाऱ्यांना हसू द्या.

शेजारच्या विदर्भात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या साध्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. आज आपल्या आशाताई घरी येऊन बाळाचे वजन आणि ताप बघतात, ती त्याचीच पुढची पायरी. त्यांना दारातून परत पाठवू नका. जुळ्यांत धाकटे, कमी वजनाचे जे असेल त्याच्याकडे त्यांना आधी पाहायला सांगा. आणि मुलगा-मुलगी अशी जोडी असेल तर आधी कोणाला पाजता, दवाखान्यात आधी कोणाला नेता, हे स्वतःशी तपासा. काटकसरीची कात्री मुलीच्या वाटणीवर पडलेली मी पाहिली आहे. त्याहून वाईट बचत दुसरी नाही.

खर्च कोणाचा?

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. मायेपोटी तो पडला, हे खरे. पण जुळ्यांच्या वेळी तो दोन अडचणी उभ्या करतो. माहेर एखाद्या आडवाटेच्या तांड्यावर असेल तर रात्री तिथून रुग्णवाहिका निघेपर्यंत उशीर होतो. आणि बिल मुलीच्या बापावर पडते, ज्याने लग्नाचे कर्जही अजून फेडलेले नसते. माझे स्पष्ट मत असे की जुळ्यांच्या बाबतीत रिवाजापेक्षा अंतर मोजावे. दवाखान्याला जवळ पडेल ते घर निवडावे, दुसऱ्या घरची बाई मदतीला तिथे येऊन राहावी आणि खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा सोसावा. लेकरे दोन्ही घरांची आहेत.

शासनाकडेही एक मागणे आहे. एक मूल असलेल्या दांपत्याला पुढच्या एका बाळंतपणात कितीही मुले झाली तरी ग्रामपंचायत निवडणुकीच्या दोन अपत्यांच्या नियमात ती एकच धरावीत, एवढा विचार कायद्याने केला. लेक लाडकी योजनेतही, पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबात दुसऱ्या बाळंतपणात जुळे झाले आणि दोन्ही मुली असल्या, तर दोघींना लाभ मिळतो. त्यासाठी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करावी लागते. ती बापानेही करता येते, हे सांगून ठेवतो. दुसऱ्या बाळंतपणातल्या जुळ्यांत मुलगी असेल तर मातृवंदना योजनेचे ६ हजार मिळतात. पण पहिल्याच बाळंतपणात जुळे झाले तर मातृवंदनेची रक्कम तीच ५ हजार आणि प्रसूती रजेतही एक दिवस वाढत नाही. मतपेटीच्या हिशेबात दोन लेकरे एक धरली, ते ठीक. पोषणाच्या हिशेबात ती दोनच आहेत.

चौथ्या महिन्यापासून करायची कामे

१. अकरा ते चौदा आठवड्यांत सोनोग्राफी, आणि वार एक की दोन हे कागदावर लिहून घेणे.
२. आईचा रक्तगट पाहून त्याच गटाचे दोन रक्तदाते गावात सांगून ठेवणे.
३. आधार, शिधापत्रिका, आईच्या नावाचे बँक पासबुक आणि माता-बाल संरक्षण कार्ड एकाच पिशवीत ठेवणे.
४. पोस्टात किंवा बचत गटात दरमहा जमेल तेवढी रक्कम आईच्याच नावाने टाकणे. ती पेट्रोलला, जेवणाला, बुडालेल्या मजुरीला कामी येते.
५. जन्मानंतर २१ दिवसांत दोन्ही बाळांची वेगवेगळी नोंद करून दोन दाखले घेणे. तेव्हा पैसे पडत नाहीत.

वाचकहो, जुळे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना नव्हे. तयारी चौथ्या महिन्यात सुरू केली तर ते साध्या शेतकरी घरालाही पेलते. कळा सुरू झाल्यावर सुरू केली तर जमीनदारालाही जड जाते. तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात आज अशी एखादी बाई असेल, तर हा अंक तिच्या घरी नेऊन द्या. आणि तो तिच्या सासूला नव्हे, आधी तिच्या नवऱ्याला वाचायला द्या.